टाकाऊ कार्ट्रिज आणि सम्यक आजीविका

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



धम्माच्या व्यासपीठावर प्रिंटरच्या रिकाम्या कार्ट्रिजचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्यातील अनेकजण कचेऱ्यांत, बँकांत नोकरी करतात आणि आपल्याच वस्तीतील मुले लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात त्या कार्ट्रिज भरून देतात. म्हणून हा विषय घरचाच आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने भदंत आनंदांना विचारले. फाटकी चीवरे असलेल्या भिक्खूंना वाटू, ते म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे, पुढे गादीच्या खोळी, मग पायपुसणी, फडकी आणि शेवटी चिखलात कालवून जमिनीला लिंपण!

लेझर प्रिंटरची कार्ट्रिज संपते म्हणजे आतली भुकटी, म्हणजे टोनर, संपते. ड्रम, रोलर, कवच बहुधा धड असतात. भुकटी भरली, गरज पडल्यास ड्रम बदलला की ती पुन्हा चालते. (इंकजेटची मात्र लगेच भरायला द्यावी, तोंड वाळले की कामातून जाते.) एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटहक्क उरत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात दिला.

आता खरी गोष्ट. टोनर ही शाई नव्हे, प्लास्टिकची अतिबारीक भुकटी आहे. काळ्या टोनरमध्ये बहुधा कार्बन ब्लॅक असतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. टोनरने कर्करोग होतोच, असा याचा अर्थ नाही. पण तोंडाला नुसता रुमाल बांधून, बंद खोलीत, दिवसभर ही भुकटी फुंकरीने उडवावी, अशीही ती वस्तू नव्हे.

एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “आपल्या मुलांनी पुन्हा दुसऱ्याच्या घाणीत हात का घालावा?” प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा म्हणून सांगितले, ते आपण विसरलेलो नाही. परंतु कार्ट्रिज दुरुस्त करणे हे कसब आहे. त्यात हलके काही असेल, तर ते मुलाला मास्क न देणाऱ्या मालकाचे वागणे.

म्हणून तीन कामे सुचवतो. दुकानांत काम करणाऱ्या मुलांना मंडळाने चांगले मास्क आणि हातमोजे पुरवावेत. सांडलेली भुकटी गार पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, कारण गरम पाण्याने ती वितळून चिकटते, हे त्यांना दाखवावे. आणि ज्या पुन्हा भरण्याजोग्या नाहीत, त्या भंगारात फोडायला जाऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येतात, आणि मोठ्या कचेऱ्यांनी त्या नोंदणीकृत ठिकाणीच द्यायच्या आहेत. आपापल्या साहेबांना एवढे विचारा की आपल्याकडच्या जातात कुठे.

कार्यालयात खोका ठेवला आहे. कार्ट्रिज पिशवीत बांधून आणावी, फुटलेली आणू नये. जयभीम!