वासराच्या मांडीवर डाग नको, कानात बिल्ला हवा

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वासरांना डागण्याविषयी बोलायचे आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाच्या बांधीबरोबर घरोघरी चार-दोन ढोरे असतातच. सकाळी ती आखरावर जमतात, तिथून गुराखी साऱ्या गावाचा कळप घेऊन जंगलात जातो आणि दिवस मावळताना परत आणतो. एवढ्या ढोरांत आपले कोणते, हे ओळखायला खूण लागते. म्हणून काही घरी वासरू जरा मोठे झाले की मांडीवर तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने डाग देतात. हा झाला खुणेचा डाग. दुसरा डाग औषधाचा. वासरू लंगडले, पोट फुगले, चारा सोडला, की दे डाग. औषधाच्या डागाचे आधी सांगतो, कारण त्यात जनावर हातचे जाते.

पावसाळ्यात फऱ्या येतो. हा रोग मरतुकड्या वासराला सहसा धरत नाही. सहा महिने ते दोन वर्षांचे, अंगाने भरलेले, घरात सर्वांत चांगले असलेले वासरू त्याला आधी सापडते. सकाळी ते एका पायाने लंगडते, अंगात ताप असतो. मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते. सूज आधी गरम लागते, मग थंड पडते, आणि बोटाने दाबली तर आत चरचर असा आवाज येतो. घरचे म्हणतात, मुरगळले असेल, डाग द्या. डाग देतात आणि उद्या पाहू म्हणून थांबतात. पण फऱ्याचे वासरू एक-दोन दिवसांतच दगावते. रोगाचे जंतू मांसात खोल असतात. डागाची आग कातडीपुरती, ती तिथवर पोचत नाही. पेनिसिलीनचे इंजेक्शन सुरुवातीच्या काही तासांत मिळाले तर वासरू वाचण्याची आशा असते. ते तास डागण्यात गेले, की मग डॉक्टर येऊनही उपयोग होत नाही. आणि जगले-वाचले तरी भाजलेल्या जागेवर माश्या बसतात, पावसाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात. तो त्रास निराळाच.

तेव्हा पावसाळ्यात वासरू अचानक लंगडले, तर विळा तापवू नका, १९६२ या क्रमांकावर फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फऱ्या आणि घटसर्प या दोन्हींची लस पावसाळा लागण्याआधी टोचून घ्यावी, सहा महिन्यांवरच्या वासराला ती चालते. फऱ्याने मेलेले जनावर सोलू नये. चिरले की जंतू मातीत पडतात आणि त्या जागेत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. चुना टाकून खोल पुरावे. कातड्याचे चार पैसे मिळतील म्हणून सोलाल, तर पुढल्या पावसाळ्यात शेजाऱ्याचे वासरू जाईल.

आता खुणेचा डाग. एका गावी सभेत एक वयस्क काका मला म्हणाले, “साहेब, डाग मरेपर्यंत पुसत नाही. तुमचा कानातला बिल्ला झुडपात अटकते अन् तुटते.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी म्हटले, “काका, डाग पुसत नाही हे खरं. पण तो वाचते कोण?” आपल्या घरचा डाग आपण ओळखतो, गुराखी ओळखतो, फार तर गाव ओळखते. ढोर दोन गावे ओलांडून गेले, कोंडवाड्यात पडले किंवा कोणी हाकून नेऊन बाजारात उभे केले, की तो डाग मुका होतो. शिवाय चोराजवळही विळा असतोच. आपल्या डागावर तो दुसरा डाग देईल. वासराच्या अंगावर दिलेला डाग ते वाढते तसा पसरतो, तीन वर्षांनी त्रिशूळ होता की फुली, हे घरच्यालाही सांगता येत नाही. अमेरिकेत हजारो एकरांवर ढोरे मोकळी सोडणारे मोठे गोपालक वासरांना डागतात, पण तिथे डाग सरकारी दप्तरी नोंदवता येतो, म्हणून त्याला किंमत आहे. आपल्या डागाची नोंद कुठल्या वहीत आहे?

नोंद आहे ती बिल्ल्याची. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, एका जनावराचा आकडा दुसऱ्याला नसतो. मालकाचे नाव, गाव, जनावराचे वय, टोचलेल्या लसी हे सगळे त्या आकड्यावर चढवलेले असते. सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध देशभर कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लसीकरणाच्या वेळीच बिल्ला मारून देतात. चार महिन्यांचे वासरू पहिल्या लाळ्याच्या लसीला आणले, की त्याच दिवशी बिल्ल्याचेही काम होते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला गर्भपाताची लसही तेव्हाच टोचून घ्यावी, ती जन्मात एकदाच देतात.

आता काकांच्या झुडपाचे. बिल्ला कानाच्या टोकाशी मारला तर तो लोंबतो, बांबूच्या काट्यांत किंवा घाणेरीच्या झुडपात अडकतो आणि कान फाटतो. कानाच्या मध्यभागी, डोक्याकडच्या बाजूला, दोन कुर्च्यांच्या रेघांमधल्या जागेत, रक्तवाहिनी चुकवून मारला तर सहसा टिकतो. मारणाऱ्याला तसे सांगायला लाजू नका, ढोर तुमचे आहे. बिल्ला मारल्यावर आठ दिवस जागा पाहत जा. सूज किंवा माशी दिसली तर जंतुनाशक लावा. भर पावसात मारण्यापेक्षा आधी मारलेला बरा.

आपल्या जिल्ह्यांत बिल्ल्याला आणखी एक महत्त्व आहे. ते वाघाचे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ठरवले, की १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री होणार नाही आणि वन्य प्राण्याच्या हल्ल्यात, विजेने किंवा नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या जनावराला बिल्ला नसेल तर भरपाई मिळणार नाही. ताडोबाच्या आसपास, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलालगत ज्यांची ढोरे चरतात, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. वाघ बहुधा मागच्या भागाकडून खायला सुरुवात करतो. म्हणजे मांडीवरचा डाग आधी जातो, कान बहुधा शिल्लक राहतो. पंचनाम्याला येणाऱ्या वनरक्षकाला तो आकडा दाखवता येतो. मेलेले ढोर जागेवरून हलवू नका, त्याच दिवशी वन विभागाला कळवा. आणि रागाच्या भरात त्यात विष घालू नका. तो गुन्हा आहे, आणि विषाने गावची कुत्रीही मरतात.

बिल्ल्याचा आकडा घरी वहीत उतरवून ठेवावा. सोबत रंग, शिंगांची ठेवण, कपाळावरचा भोवरा, शेपटीचा गोंडा हेही लिहावे, आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. आपली काठाणी गुरे अंगाने लहान, चिखलात चपळ, पण एका घरची पांढरी आणि दुसऱ्या घरची पांढरी यांत फरक सांगायला अशी वहीच कामी येते. या गुरांना कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदले आहे, तेव्हा चांगल्या गोऱ्ह्याची आणि कालवडीची वंशावळही लिहून ठेवलीत तर विकताना भाव बोलता येईल. जंगलात आवाजासाठी गळ्यात घंटी बांधता, ती खुशाल बांधा.

बिल्ला हरवला तर दवाखान्यात सांगून नवा मारून घ्यावा, जुना आकडा सांगितला की लसींची नोंद नव्या आकड्याला जोडता येते. जनावर विकले तर घेणाऱ्याच्या नावावर नोंद बदलून घ्यावी, नाहीतर उद्या ते कुणाच्या शेतात शिरले तर विचारणा तुमच्याकडे होईल. आणि ग्रामपंचायतीत विक्रीचा दाखला काढायला जाताना बारा आकडे लिहिलेला कागद सोबत ठेवा.