जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार



रेडिओलहरींवर उडणारे छोटे हेलिकॉप्टर कुणाकडून जुने विकत घेतले, की पहिला मोह होतो तो रंग देण्याचा. आम्हांलाही झाला. पण रंग हा शेवटचा संस्कार होय. पहिला मान पाती धरून ठेवणाऱ्या पकडींचा. हिशेबच पाहा. दीड मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १५०० फेरे घेते, तेव्हा पात्याचे टोक ताशी ४२० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते आणि दीडशे ग्रॅमचे पाते आपल्या पकडीला सुमारे दीडशे किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. म्हणून जुने बोल्ट, झिजलेली बेअरिंग आणि चिरलेली लाकडी पाती यांची माया धरू नये.

मग सुधारणा. जुन्या यांत्रिक गायरोच्या जागी इलेक्ट्रॉनिक गायरो बसविला, की शेपूट स्थिर राहते. रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा घेतला, की दुसऱ्याच्या लहरींची बाधा पुष्कळशी टळते. मात्र चक्राचा डोल सावरणारी आडवी दांडी, म्हणजे फ्लायबार, आम्ही काढीत नाही. बेलच्या मोठ्या हेलिकॉप्टरांतही तशीच दांडी होती. ती काढली, तर त्या काळची बुद्धीच पुसली जाईल.

शेवटी आकाशाविषयी. आपल्या नवी मुंबईत २०२५ साली विमानतळ सुरू झाला. तेव्हा २०२१ च्या ड्रोन नियमांचा नकाशा पाहिल्यावाचून मोकळे मैदान मोकळे समजू नये. यंत्र उडाले म्हणजे जीर्णोद्धार झाला असे नव्हे. कुणालाही इजा न होता ते खाली उतरले, म्हणजे झाला.