ब्राउझर आपला, चाव्या कुणाकडं?

बुलढाणा जिल्ह्यातून, खामगावहून बोलतोय. आज विषय ब्राउझरचा.

एके काळी बऱ्याच मराठी वृत्तपत्रांच्या साइटींना स्वतःचे फॉन्ट असायचे. तो फॉन्ट आपल्याकडं नसला की पानभर नुसती अगम्य अक्षरं! फायरफॉक्सवर 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन होतं. ते भारतीय भाषांतली अशी पानं युनिकोडमध्ये आणायचं.

तेव्हा एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या पार आत हात घालता यायचा. त्यामुळंच ब्राउझर बदलला की एक्स्टेन्शन मोडायचं, आणि धोकाही मोठा. म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ नं जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली. वेग वाढला, मोकळीक घटली.

मोबाईलवरही तेच. ऑगस्ट २०२० च्या नव्या अँड्रॉइड फायरफॉक्समध्ये मोजकीच एक्स्टेन्शन्स उरली. नेहमीच्या आवृत्तीतून 'अबाउट:कॉन्फिग'ही गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये दार पुन्हा उघडलं, ४०० हून जास्त एक्स्टेन्शन्स आली.

सुरक्षेचं कारण मला पटतं. 'हे थोडेच लोक वापरतात' हे मात्र नाही पटत. पद्माही थोड्यांनाच लागायचं. पण त्यांच्यासाठी ती मराठी वाचायची सोय होती. मोठ्यांच्या यादीत आपली भाषा उशिरा येते. तोवर असली कामं हौशी माणसंच करतात, त्यांना आत यायला दार तर हवं ना?

तर फोनवर फायरफॉक्स असेल, तर मेनूत 'एक्स्टेन्शन्स' उघडा. एखादं निवडा, पण ते कोणत्या परवानग्या मागतंय ते वाचूनच 'हो' म्हणा. भेटू पुढच्या भागात!