वीज गेली तरी थंड होणारी अणुभट्टी



फौजेत कोणतंही यंत्र हाती आलं की आधी एकच प्रश्न विचारायची सवय लागते: हे बंद पडलं तर काय? आज हा प्रश्न अणुभट्टीला विचारू.

भट्टी बंद केली म्हणजे चूल विझली, असं होत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनातली किरणोत्सारी द्रव्यं तापतच राहतात. सुरुवातीला मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के, दिवसाभरानंतरही सुमारे अर्धा टक्का. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि या उरलेल्या उष्णतेने तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं.

आता चीनमधली शिदाओ खाडीजवळची एचटीआर-पीएम पाहा. प्रत्येकी २५० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या दोन छोट्या भट्ट्या, थंड ठेवायला हीलियम वायू. इंधनाचे कण मिलिमीटरहून लहान, त्यांना सिलिकॉन कार्बाइडचं कवच. असे हजारो कण सहा सेंटिमीटरच्या ग्राफाइटच्या गोळ्यात असतात. सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत हे कवच किरणोत्सारी द्रव्यं धरून ठेवतं.

हीलियम फिरवणारे पंखे थांबले तर? उष्णता ग्राफाइटमधून पोलादी पात्राच्या भिंतीकडे जाते, तिथून बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांकडे. तापलेलं पाणी आपणच वर चढतं, हवेत उष्णता सोडतं, खाली येतं. पंप नाही, जनरेटर नाही. २०२३ मध्ये प्रत्येक भट्टी २०० मेगावॉट औष्णिक शक्तीवर चालवून वीज तोडली. दोन्ही आपोआप थंड झाल्या.

हे फुकट मिळत नाही. उष्णता भिंतीपर्यंत पोचावी म्हणून गाभा फक्त तीन मीटर रुंद ठेवलाय. एका घनमीटरमागे साधारण तीन मेगावॉट उष्णता. पाण्याच्या नेहमीच्या मोठ्या भट्टीत ती शंभरच्या आसपास असते. म्हणजे जागा जास्त, वीज कमी. शिवाय नळी फुटून हवा किंवा पाणी आत शिरलं तर काय, याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

आपल्याकडे २०२५च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. २०३३ पर्यंत किमान पाच चालू करायच्या आहेत. त्या सगळ्या वायूच्या असतील असं नाही. म्हणून ‘छोटी’ एवढ्या शब्दावर निर्धास्त होऊ नका, ‘अणू’ शब्दाने घाबरूही नका. विचारा: वीज गेली तर उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाईल, किती दिवस, आणि हे चाचणी घेऊन पाहिलंय का?

जय हिंद.