बंद करून चालू करा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर मी याआधी आलो तो कविता वाचायला. चार कविता वाचायच्या, चहा घ्यायचा आणि औंढ्याची एस.टी. पकडायची, असा रिवाज. या वेळी फोन आला तो वेगळाच. म्हणाले, "शेखसाहेब, कविता नको. पोटासाठी काय करता त्यावर बोला." मी जरा घाबरलो. कवितेत काही इकडचं तिकडे झालं तर चालून जातं. कामाविषयी खोटं बोललो तर आमच्या ऑफिसातली माणसं रेडिओ लावून बसलेली असणार.

काम एवढंच, की औंढा नागनाथच्या एका सरकारी कार्यालयातले कॉम्प्युटर चालू ठेवायचे. माझी नेमणूक अकरा महिन्यांची असते आणि दर नव्या आदेशाबरोबर पदाचं नाव बदलण्याचा संभव असतो. आधी टंकलेखक होतो, मग डेटा एन्ट्री ऑपरेटर झालो, सध्या तांत्रिक सहायक आहे. पगार मात्र इतक्या चपळाईनं कधी बदलला नाही. लोक यातलं एकही नाव घेत नाहीत. 'कॉम्प्युटरवाले चाचा' म्हणतात, आणि तेच मला बरं वाटतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यात होतं आणि आमचं विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादला. नोकरी लागेना म्हणून टायपिंग शिकलो. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि हळूहळू कचेऱ्यांमध्ये खोकी येऊ लागली. खोक्यांत कॉम्प्युटर होते, पण ते लावायचे कोणी? "टायपिंग येतं ना, मग हेही येईल," असं म्हणून मला बोलावलं. येत काहीच नव्हतं. २००१ साली एमएससीआयटी सुरू झाली, ती मी पुढे फी भरून केली, आणि सर्टिफिकेट मिळेपर्यंत दोन मशीन बिघडवून दुरुस्तही केली होती. त्या दिवसांत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चप्पल काढावी लागे. नागनाथाचं देऊळ, मशीद आणि कॉम्प्युटरची खोली, या तीन ठिकाणी औंढ्यातला माणूस अनवाणी जायचा. संध्याकाळी मशीनवर फुलाफुलांचं कापड झाकलं जाई.

आता कापड गेलं, चपला आत आल्या. सकाळी साडेनऊला शिपाई कुलूप काढतो आणि मी आधी कोपऱ्यातल्या राउटरचे दिवे बघतो. हिरवे असले तर दिवस बरा. लाल लागला असेल तर कुठंतरी रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडलेली असते. मग दिवसभर माणसं माझ्याकडे अशी बघतात, की जेसीबी मीच चालवत होतो. त्यानंतर बॅटऱ्या. लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएसची शिट्टी सुरू झाली की सगळं ऑफिस एका सुरात ओरडायचं, "सेव्ह करा, सेव्ह करा!"

दहा वाजले की हाका सुरू होतात. "चाचा, मशीन चालूच होइना झालंय." जाऊन बघावं तर प्लग काढून कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. "चाचा, पासवर्ड घेइना झालंय." कॅप्स लॉक चालू असतो. "चाचा, प्रिंटर कागद ओढंना." हा आजार पावसाळ्यातला. कागद ओल धरतो, दोन-दोन पानं एकमेकांना चिकटतात. गठ्ठा हातात घेऊन झटकायचा, ट्रेमध्ये नीट बसवायचा, रबरी रोलर ओलसर फडक्यानं पुसायचा. एकदा उंदरानं केबल कुरतडली. मी अहवालात तसं लिहिलं, तर साहेब म्हणाले, "इंग्रजीत लिहू नका हं. 'माउसमुळे बिघाड' वाचून वरचे लोक नवा माउस पाठवतील."

बहुतेक तक्रारींवर औषध एकच : बंद करून चालू करा. यात जादू नाही. मशीन चालू असताना दहा गोष्टी अर्धवट धरून बसतं आणि शेवटी त्यांच्यातच अडकतं. वीज बंद केली की हातातलं सगळं खाली टाकतं आणि पहिल्यापासून कामाला लागतं. साहेबांना मात्र "सर, जरा रीस्टार्ट करून बघू का?" असं विचारावं लागतं. 'बंद करा' हे वरिष्ठांना सांगायचं नसतं. हे काम नीट झालं तर दिसतही नाही. चार महिने काही बिघडलं नाही, की साहेब विचारतात, "चाचा, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" आणि बिघडलं की पुन्हा तोच प्रश्न.

पण खरं दुखणं मशीनचं नसतं, अक्षरांचं असतं. हे जरा समजावून सांगतो. पूर्वी आम्ही 'डीव्हीबीटीटी योगेश', 'सुरेख' असले फॉन्ट वापरायचो, कुठे श्रीलिपी, कुठे कृतिदेव. पडद्यावर मराठी दिसायचं, पण मशीनच्या पोटात मराठी नसायचं. पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असायची आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की 'शेतकरी'च्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि टोपीवाले इंग्रजी स्वर. एका संपादकांना मी कविता पाठवली होती. त्यांनी उत्तर दिलं, "प्रयोग धाडसी आहे, पण आमच्या वाचकांना झेपणार नाही."

मग युनिकोड आलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण औंढ्याला पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, मग मशीन औंढ्यातलं असो की टोकियोतलं. प्रश्न उरला जुन्या फायलींचा. टाइपरायटरवर शिकलेला माणूस पहिली वेलांटी आधी मारतो आणि मग अक्षर. जुन्या फॉन्टमध्येही तसंच. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. जुनी फाइल नव्यात बदलताना ही वेलांटी घसरायची, रफार शेजारच्या डोक्यावर जाऊन बसायचा. कवितेत असं झालं तर संपादक हसतात. यादीत झालं तर शिवाजी वेगळा माणूस होतो, रफिक वेगळा.

२०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्यानंतरच्या काळात यादीतलं नाव, बँकेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळणं ही जगण्याची अट होऊन बसली. आमच्या लोकांची तर आणखी एक गंमत. मराठवाड्यात आम्ही 'शेख अमुक शेख तमुक' असं नाव सांगतो, शेख पुढं आणि मागंही. फॉर्मवर तीन चौकोन असतात : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेख कुठं घालायचा? माझ्याच तीन कागदांवर तो तीन ठिकाणी आहे. इतरांचे दुरुस्त करता करता माझे राहून गेले.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर चारचौघांत बोललो नव्हतो.

२००९ ची गोष्ट. आमच्याकडे एक मॅडम होत्या, निराधारांच्या याद्या सांभाळायच्या. म्हाताऱ्यांना, विधवांना महिन्याला जे अनुदान मिळतं, त्याला खेड्यात 'पगार' म्हणतात. त्यांच्या मशीनला व्हायरस लागला. कोणीतरी पेन ड्राइव्ह लावला होता. मी म्हटलं, फॉरमॅट मारावा लागेल. मॅडमनी विचारलं, "भाई, माझं काही जाणार नाही ना?" मी म्हटलं, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, निर्धास्त राहा." आणि सी ड्राइव्ह साफ केला. मॅडमचं सगळं काम डेस्कटॉपवर होतं. डेस्कटॉप पडद्यावर समोर दिसतो म्हणून माणसाला वाटतं तो वेगळा आहे, पण तो राहतो सी ड्राइव्हमध्येच. मला हे माहीत होतं. मी विचारलं नाही, इतकंच. पुसलेल्या फायली परत काढायची सॉफ्टवेअरं असतात हे कळलं तेव्हा मी त्यावर नवं विंडोज चढवून बसलो होतो.

मॅडम ओरडल्या नाहीत. कपाटातून हातानं लिहिलेलं रजिस्टर काढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी मारते." चार संध्याकाळ आम्ही दोघं बसलो. त्यांचा मुलगा डबा घेऊन यायचा. चौथ्या दिवशी यादी पुरी झाली, साहेबांना काही कळलं नाही, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी एक म्हातारबा खिडकीशी आले. काठी, धोतर, हातात बँकेचं पासबुक. त्यांचा पगार बंद झाला होता. यादी उघडली, नाव होतं. मी म्हटलं, "बाबा, नाव तर आहे." ते म्हणाले, "ते माझं न्हाई. ते आमच्या गावातलं दुसरं. माझ्या बापाचं नाव येगळं." मी रजिस्टर काढलं. एकाखाली एक दोन ओळी, गाव एक, नाव एक, आडनाव एक, बापाचं नाव तेवढं वेगळं. वाचून दाखवताना मला वाटलं असणार, ही ओळ आत्ताच वाचली, आणि मी पुढं गेलो. मशीनची चूक नव्हती, फॉन्टची नव्हती, व्हायरसचीही नव्हती.

मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पुरवणी यादीत नाव घातलं आणि पुढं कधीतरी राहिलेले पैसेही जमा झाले. मधले दोन महिने त्या माणसानं कसे काढले ते मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही. पैसे मिळाल्यावर ते पुन्हा आले, पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. म्हणाले, "मला वाटलं, कागदावर मी मेलोच की काय. तुम्ही जित्ता केला." शेंगा घ्याव्या लागल्या. घरी बायकोनं मीठ टाकून उकडल्या, पोरांनी खाल्ल्या. मी त्या माणसाला सांगायला हवं होतं, की मारणाराही मीच होतो. सांगितलं नाही. मॅडम आता रिटायर झाल्या आहेत, त्या हे ऐकत असतील तर त्यांना माझा सलाम.

तेव्हापासून कोणाचंही मशीन साफ करण्याआधी मी त्या माणसाला शेजारी बसवतो आणि विचारतो, तुमचं काय काय कुठं कुठं आहे ते दाखवा. वेळ जातो. नवी पोरं हसतात.

आता बहुतेक सगळं ऑनलाइन झालं आणि नवा शब्द आला, 'सर्व्हर डाउन'. हल्ली कोणाला ताप आला तरी आमच्याकडे म्हणतात, आज त्यांचं सर्व्हर डाउन आहे. २०१७ च्या कर्जमाफीचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा दिवसा साइट उघडायची नाही. रात्री जरा हलायची, म्हणून लोक रात्री रांगेत. एका बाईनं मला विचारलं, "भाऊ, कुठं हाय ते सर्व्हर? पत्र्यावर असंल तर माझ्या पोराला चढवते." ते मुंबईकडे कुठंतरी असतं हे सांगताना मलाच लाज वाटली. आणि अंगठे! आमचा जिल्हा हळदीचा, कापसाचा. हळद काढून, कापूस वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, यंत्राची काच पुसायची, दुसरं बोट, मग तिसरं. बाया विचारतात, "माझं काही चुकलं का, भाऊ?"

औंढ्याजवळ आता लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली, की प्रोटॉनपेक्षाही बारीक थरथर त्यात टिपली जाणार. हे मी आमच्या शिपायाला पेपरातून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चाचा, तिथं बी प्रिंटर असंलच ना?" म्हटलं, असणारच. "मग तिथं बी कोणीतरी लागंल."

सध्या माझ्या टेबलावर निर्लेखनाची फाइल आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, तेव्हा जुनी मशीन मोडीत काढायची आहेत. यादीत स्टोअर रूममधलं एक एक्सपीचंही आहे. एक्सपीची मुदत २०१४ च्या एप्रिलमध्येच संपलेली. ते मी नेटला जोडत नाही, पण त्यात जुने फॉन्ट आहेत आणि २०१० च्या आधीच्या याद्या त्यातच नीट वाचता येतात. महिन्यातून एखादा माणूस येतो, बापाचं नाव शोधत. मग ते चालू करतो. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेतं. तेवढ्या वेळात कधी एखादी ओळ सुचते, कधी चहा होतो. त्या मशीनपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मी 'चालू आहे' असं लिहिलंय. साहेबांची सही व्हायची आहे.

बरं, वेळ संपत आली असं काचेपलीकडून सांगताहेत. सोमवारी पासवर्ड विसरलेले लोक जास्त असतात, मला साडेनऊच्या आत पोचावं लागतं. नमस्कार.