उद्याची हमी मागणारे गीत



चळवळीतील कार्यकर्त्याच्या मनात प्रेमगीताविषयी एक जुना संशय असतो. बाजारात विकण्यासाठी घडविलेली भावना ही खरी भावना नव्हेच, असे तो गृहीत धरतो. हा संशय निराधार नाही. परंतु तो पुरेसाही नाही. अमेरिकेतील 'शिरेल्स' या चार कृष्णवर्णीय तरुणींच्या गायनसंचाने १९६० साली ध्वनिमुद्रित केलेले 'विल यू लव्ह मी टुमारो' हे गीत याची साक्ष देते.

गीताचा विषय एका वाक्यात सांगता येतो. प्रियकराच्या सहवासात असलेली तरुणी त्याला विचारते, की हे प्रेम उद्याही राहील काय? तिला त्याचा मोह आहे आणि तो ती लपवीत नाही. पण मोहाची किंमत कोणाला मोजावी लागेल, हेही तिला पुरते ठाऊक आहे. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला शासकीय मान्यता मिळाली खरी. मात्र अविवाहितांना गर्भनिरोधके मिळविण्याचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केला आणि गर्भपाताचा १९७३ साली. एका रात्रीच्या सुखात दोघांचा वाटा सारखा, जोखीम मात्र सर्वस्वी एकीची, असा हा व्यवहार होता. अर्थशास्त्राचे ग्रंथ ज्या विषमतेवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घालतात, ती या गीताने पावणेतीन मिनिटांत सांगितली.

गीताची चाल कॅरोल किंगची, शब्द तिचा पती जेरी गॉफिन याचे. किंगचा विवाह सतराव्या वर्षी झाला होता. गीत रचले गेले तेव्हा ती अठरा वर्षांची आणि एका तान्ह्या मुलीची आई होती. गॉफिन दिवसा रसायनशाळेत नोकरी करी. गीत यशस्वी झाल्यावरच त्याला ती सोडता आली. अशा घरात 'उद्या' हा शब्द काव्यातला अलंकार नसतो.

शिरेल्सची मुख्य गायिका शर्ली ओवेन्स हिला हे गीत प्रथम पसंत नव्हते. ते ग्रामीण गोऱ्यांच्या 'कंट्री' गाण्यांसारखे तिला वाटले. निर्माता ल्यूथर डिक्सन याने तिचे मन वळविले आणि व्हायोलिन व चेलो यांची साथ जोडण्यात आली. नाचाला साजेसा ठेका खाली चालत राहतो, तंतुवाद्ये त्यावर अस्वस्थ धावतात, आणि मधोमध ओवेन्सचा साधा, काहीसा कोरा, कोणतीही हरकत न घेणारा आवाज. ती रडत नाही, विनवीतही नाही. ती केवळ विचारते. मागच्या मैत्रिणी तिच्या स्वराला स्वर देतात, तेव्हा तो प्रश्न एकटीचा उरत नाही. शेवटी गीत उत्तर न देताच विरत जाते. या गीताचे सारे सामर्थ्य या संयमात आणि या अनुत्तरित शेवटात आहे.

या मुली न्यू जर्सीतील पसेइक या गिरणीगावच्या. १९२६ च्या लोकर-गिरणी कामगारांच्या मोठ्या संपामुळे हे गाव कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. शाळेत एकत्र गाणाऱ्या या चौघींचे गीत जानेवारी १९६१ मध्ये 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या शंभर गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. कृष्णवर्णीय तरुणींच्या गायनसंचाला तो मान प्रथमच मिळत होता. दक्षिणेकडे कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत बसून मार खात होते, त्याच काळात गोऱ्या घरांतील मुली आपल्या मनातला प्रश्न एका कृष्णवर्णीय मुलीच्या तोंडून ऐकत होत्या.

पुढची हकीकत कोणाही कामगाराला ओळखीची वाटेल. तुमच्या कमाईचा वाटा विश्वस्त निधीत ठेवला आहे, एकविसावे वर्ष पूर्ण होताच तो मिळेल, असे आपणांस सांगण्यात आले होते, ही त्या गायिकांची तक्रार. असा निधीच नसल्याचे कळताच त्यांनी ध्वनिमुद्रिका कंपनी 'सेप्टर'वर दावा लावला. कंपनीने प्रतिदावा केला. पुढे तडजोड झाली. गाण्यातल्या तरुणीने प्रियकराला विचारलेला प्रश्न गायिकांना मालकाला विचारावा लागला. श्रम आज घ्यायचे आणि मोबदल्याचे वचन उद्यावर टाकायचे, ही रीत प्रेमातही आहे आणि व्यवहारातही.

म्हणून बाजारात निपजले एवढ्याने गीत खोटे ठरत नाही. बाजार गीत विकतो. त्यातला प्रश्न त्याला विकत घेता येत नाही. १९७१ मध्ये किंगने हेच गीत 'टॅपेस्ट्री' या आपल्या संग्रहात संथ लयीत गायिले. तोवर तिचा गॉफिनशी झालेला विवाह मोडला होता. ठेका गळून पडला, प्रश्न तेवढा उरला. १९७३ साली अमेरिकन स्त्रीला मिळालेली घटनात्मक हमी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने काढून घेतली, तेव्हा तो प्रश्न जुना झाला नसल्याचे पुन्हा सिद्ध झाले.

ज्याच्या हाती उद्या असतो, तो हमी मागत नाही. तो ती देतो किंवा नाकारतो. हमी मागावी लागते ती ज्याच्या हाती केवळ आज आहे त्याला. समतेच्या चळवळीचे कामच मुळी हा 'उद्या' सर्वांच्या हाती देण्याचे आहे. अशा चळवळीतल्या माणसाने या गीतापुढे कान बंद करण्याचे कारण नाही.