मैत्री आणि शेजार
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं इमारतीची व देणगीदारांची आठवण करण्याची रीत आहे. तें काम इतर वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. मी मैत्रीविषयीं बोलणार आहें. स्नेही जवळ असला म्हणजे मनास बरें वाटतें, हें कोणीहि सांगेल. परंतु तो दुरावला म्हणजे पक्क्या घरांतहि माणूस कसा खचतो, हें आपल्या मराठवाड्यानें पाहिलें आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेलीं गांवें निजलीं होतीं. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ह्या परिसरांत दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदें कोसळलीं आणि हजारों जीव गेले. गेलेल्यांविषयीं आपण पुष्कळ बोललों आहों. उरलेल्यांविषयीं त्या मानानें थोडें.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरांचें वाटप जमिनीच्या प्रमाणांत झालें: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून अधिक असल्यास ७५०. घरें पक्कीं झालीं, रस्ते रुंद झाले. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता, हें मी मुद्दाम सांगतों. परंतु जुन्या गांवांत भिंतीला भिंत लागून होती. ओट्यावर बसलेल्या म्हातारीला मैत्रिणीशीं बोलण्यास उठावेंहि लागत नसे. नव्या वाटपांत एकीचें घर ह्या टोकाला, तर दुसरीचें त्या टोकाला. जिनें एका रात्रींत मुलगा व सून गमावलीं, तिला डोकें टेकून रडावयास एक ओळखीची मांडी हवी होती. ती मात्र कोणाच्या हिशेबांत आली नाहीं.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें १९३८ पासून शेंकडों पुरुषांचीं आयुष्यें सतत पाहिलीं आहेत. पन्नाशींत ज्यांचे स्नेहसंबंध समाधानाचे होते, तेच ऐंशीच्या वर्षीं अधिक निरोगी आढळले. रक्तांतील चरबीच्या मापाहून हें लक्षण अधिक खरें ठरलें. पन्नाशी ओलांडली असल्यानें मीं हें जरा लक्ष देऊनच वाचलें! धर्मगुरूला मित्र कशाला, असें मानणारेहि लोक आहेत. त्यांनीं प्रेषित पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं किती स्नेह्यांचीं नांवें आलीं आहेत तीं मोजून पाहावीं.

आतां आपल्या दाराशीं या. लातूर व नांदेड येथें वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठीं दूरदूरचीं मुलें येतात. खोली, खानावळ व शिकवणी ह्यांत त्यांचा दिवस सरतो. शेजारच्या बाकावरचा सोबती त्यांना मित्र न वाटतां स्पर्धक वाटतो. गांवचा जिवलग मागें राहिलेला, आणि नवा जोडण्यांत वेळ घालवूं नकोस असें पुष्कळदां आईबापांनींच बजावलेलें. मला हें शहाणपणाचें वाटत नाहीं. गुण कमी पडले ही गोष्ट सतरा वर्षांच्या मुलाच्यानें बापाला सांगवत नाहीं, मित्राला सांगवते. मित्रच नसला तर ती त्याच्याबरोबर रात्रभर खोलींत कोंडून राहते.

येथें बसलेल्यांपैकीं कांहींच्या घरीं अशीं मुलें भाड्यानें राहत असतील. भाडें वेळेवर आलें कीं नाहीं, हें आपण पाहतोंच. येत्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर त्यांतल्या एकाला, तो कोणत्याहि धर्माचा असो, आपल्या मुलांच्या पंगतीस जेवावयास बसवा. आणि अभ्यासाविषयीं एक अक्षरहि विचारूं नका.